सत्तावीस नंबरच्या टॉवरवरचा माणूस

नाही, नाही, तू बस आधी — पंकजाच्या लग्नाची पत्रिका राहू दे टेबलावर, मी वाचीन सावकाश, चष्मा आत राहिलाय — पण तू आत्ता कानिफनाथचं जे सांगितलंस ना, त्यावर मला काही बोलायचंय, आणि बोलण्याआधी एक कबूल करून टाकतो, मच्छिंद्र, की मला जे आठवतं ते तसंच घडलं होतं याची मला खात्री नाही. वयामुळे म्हणत नाहीये. वय झालंच, अठ्ठ्याहत्तर, सकाळची गोळी घेतली की नाही हे मालनबाईंना विचारावं लागतं — पण हे त्याच्याही आधीचं आहे. छप्पन्नाव्या वर्षी, नजर चांगली होती, संगमनेरला कॉलेजात विभागप्रमुख होतो, बंगळूरची पीएच.डी. चौकटीत भिंतीवर होती, तेव्हाही मला जे दिसलं ते खरंच दिसलं का, हे मला ठाऊक नव्हतं. आणि तरी मी ते लिहून दिलं. काय लिहून दिलं? सांगतो. चहा येऊ दे. मालनबाई, पाहुण्यांच्या चहात साखर घाला हो, सवयीने विसराल.

तर कानिफनाथ काय म्हणाला, पुन्हा सांग — नको, मीच सांगतो, बरोबर आहे का बघ. "ज्यानं माजा उभा ऊस जाळला, त्याच्या मांडवात म्या अक्षता टाकायला येनार न्हाई." आणि पत्रिका उंबऱ्यावरून परत. बरोबर? सख्खा चुलतभाऊ, बांधाला बांध, आणि वीस वर्षं तोंडाला तोंड नाही. आणि तू मान खाली घालून निघून आलास. येणारच, कारण तुला वाटतं तो खरं बोलतोय — तिथेच सगळं अडलंय. आणि तिथून उठून तू थेट इथे आलास, की सर, तुमी तरी या, मांडवात माइकवर आशीर्वादाचे दोन शब्द बोला, माझ्या बाजूनं कोणी शिकलेलं मानूस नाही. देवापुढची पत्रिका ठेवली आणि त्यानंतरची पहिली माझ्याकडे, काष्टीहून श्रीगोंद्याला, या उन्हात, मोटारसायकलवर. असं करू नये रे. आधी नीट चौकशी करावी माणसाने, की आपण कोणाच्या दारात चाललोय.

हे मी सुरुवातीपासून सांगणार आहे, तुला माहीत असलेलंसुद्धा, कंटाळलास तरी. मास्तरची खोड आहे, मधूनच सुरू करता येत नाही मला — आणि मधूनच सुरू केलं तर मला सोयीचं तेवढंच सांगून मोकळा होईन, ही भीती. कारखान्याने वीज तयार करायला घेतली, ती सबस्टेशनपर्यंत न्यायची, म्हणून ती एकशे बत्तीस केव्हीची लाइन. बरोबर? आणि अडचण काय होती — गाळप सुरू झालं की चिपाडाची राख. धुराड्यातून उडायची ती कपड्यांवर, पापडांवर, दुधाच्या पातेल्यात, तशी टॉवरवर तारा ज्यांना टांगतात त्या इन्सुलेटरच्या चिनी मातीच्या थाळ्यांवर बसायची. पहाटे धुकं पडलं, दव पडलं, की त्या ओल्या राखेवरून वीज घसरायला लागायची, तडतड तडतड, निळ्या ठिणग्या, आणि लाइन बंद. मग मला बोलावलं. मी म्हटलं, चिनी माती सोडा, पॉलिमर लावा. आत काचेच्या तंतूंची काठी, अंगठ्याएवढी जाड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप दाबून बसवलेले, आणि वरून सिलिकॉनचं रबर, चकत्या ओवल्यासारखं. त्या रबरावर पाणी पसरतच नाही, अळूच्या पानावर थेंब राहतात तसं राहतं. राख असली तरी. मी पंधरा वर्षं त्याच्यावर काम केलं होतं, माझं म्हणणं चूक नव्हतं — हे बघ, लगेच स्वतःची बाजू. पण नव्हतं चूक. आजही त्या लाइनवर तेच आहेत.

फक्त एक गोष्ट. ती मी टॉवरवर चढणाऱ्या तुम्हा सगळ्या गँगला बाभळीखाली बसवून सांगितली होती, आठवतं? चिनी मातीच्या माळेवरून तुम्ही शिडीसारखे उतरता, थाळीवर पाय, खालच्या थाळीवर दुसरा पाय — ते इथे चालणार नाही. वरचं रबर ही कातडी आहे. कातडी फाटली की ओल आत शिरणार, आतली काठी वर्ष-दीड वर्ष गुपचूप कुजणार, बाहेरून काही दिसणार नाही, आणि एक दिवस खडू मोडतो तशी मोडणार. आणि मागून तू विचारलंस — तूच होतास, हे मात्र पक्कं आठवतं — "सर, कातडी हाय तर मग रोज खोबरेल लावायचं का?" सगळे हसले. बाबाजान मुकादम तोंडावर टॉवेल धरून हसला. मीसुद्धा हसलो. मग तू दुसरा प्रश्न विचारलास, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता: "मग तारेपर्यंत उतरायचं कशावरनं?" मी म्हटलं, शिडी अडकवून. तू म्हणालास, शिडी कुठंय? मी म्हटलं, येईल. आली का? आली, तीन गँगमध्ये मिळून एक. हे मी रिपोर्टात लिहिलं का? नाही लिहिलं.

घे, चहा घे. बिस्किटं मऊ पडलीयत, बुडव, काही हरकत नाही.

मग तारा ओढून झाल्या, ऑक्टोबर महिना, मी शेवटची पाहणी करायला आलो. दोन हजार तीन. जीपमधून उतरलो, सत्तावीस नंबरचा टॉवर, खाली एका बाजूला ज्वारी आणि दुसऱ्या बाजूला कानिफनाथचा ऊस. ऊन समोरून. मी कपाळावर हात धरून वर बघितलं, तर टॉवरच्या आडव्या हाताच्या टोकाला एक जण, तारेकडे उतरतोय, आणि एक पाय इन्सुलेटरवर. रबरावर. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. ओरडायला तोंड उघडलं असेल आणि तेवढ्यात माझाच विश्वास बसला नसेल, असं झालेलं आहे माझं आयुष्यात पुष्कळदा. जीपमध्ये बसून मी रोजनिशीत लिहिलं. ती रोजनिशी आहे माझ्याकडे, आत कपाटात, शब्द तोंडपाठ आहेत. "टॉवर २७. एक जण इन्सुलेटरवर पाय देऊन उतरताना." एक जण. नीट ऐकलंस ना? एक जण. नाव नाही. कारण मला चेहरा दिसलाच नव्हता.

आणि मग मी लाइन अडवली. हे तुम्हा लोकांना कधी कोणी सांगितलं नसेल. काम पुरं झालेलं, कारखाना घाईवर आलेला, गाळप तोंडावर — आणि मी पत्र लिहिलं की लाइन चार्ज करू नये. का? त्या पायामुळे? नाही! त्या पायाचा पत्रात उल्लेखही नाही. इन्सुलेटरच्या चाचणीच्या कागदांत एक फोटो होता, रबरावर पाण्याचे थेंब कसे राहतात त्याचा, तो मला जरा अंधुक वाटला. म्हटलं, चाचणी पुन्हा करून कागद पाठवा. माझी पत्नी होती तेव्हा, ती म्हणाली, "अहो, अंधुक फोटो आहे की तुमचा चष्मा?" मी ऐकलं नाही. दक्षता, मच्छिंद्र. मला वाटायचं माझ्यासारखा दक्ष माणूस नाही जिल्ह्यात. कागद दिल्लीला गेले, परत आले, पुन्हा गेले. मार्चमध्ये लाइन चार्ज झाली. पाच महिने. पाच महिने ती लाइन तयार होऊन नुसती उभी होती, तारेत वीज नाही, खाली ज्वारी हुरड्याला आलेली. हे लक्षात ठेव. मी तेव्हा ठेवलं नाही.

मग दोन हजार पाचचा जानेवारी. तुला कशाला सांगायचं. पहाटेचं धुकं, सत्तावीस नंबरवर मधल्या तारेची काठी मोडली, तार कानिफनाथच्या उसात. पाचट वाळलेलं. मी दुपारी पोचलो तोवर दोन एकर काळं झालं होतं आणि कानिफनाथ बांधावर बसला होता, रडत नव्हता, काही नाही, नुसता उसाचं एक जळकं कांडं हातात धरून. माणूस कोणी गेला नाही, हे नशीब. मी खाली वाकून तो मोडलेला तुकडा उचलला. हा बघ — नाही, हात लावून बघ, घाबरू नकोस. वीस वर्षं माझ्या टेबलावर आहे. मालनबाई त्याला 'सरांचं रबराचं खेळनं' म्हणतात. ही काठी बघ कशी मोडलीय, सुरीने कापल्यासारखी. आतून कुजलेली. आणि ही इथे वरची कातडी — हे दिसतात ना, अर्धगोल कापे, इथे, इथे, आणि या चकतीची कड तर गेलीच आहे. ओल इथून शिरली. एवढं मी त्याच दिवशी सांगितलं, आणि तेही बरोबर होतं.

प्रश्न एवढाच राहिला की हे कापे कशाचे.

साहेब समोर बसलेले. चौकशीचे. त्यांचं नाव कशाला, गेले बिचारे. ते म्हणाले, "डॉक्टर, कशाने झालं असेल?" आणि मला तो पाय आठवला. तुम्हा पोरांची तेव्हा बुटाच्या टाचेला नाल मारून घ्यायची पद्धत होती, काष्टीच्या बाजारात, शनिवारी. नाल अर्धगोल. कापे अर्धगोल. मी कॅलिपर लावून मोजलं — मी, मच्छिंद्र, मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारा माणूस — नालाचं वळण मोठं होतं, काप्यांचं लहान होतं, आणि मी लिहिलं, "नालाच्या कडेच्या ओरखड्याशी सुसंगत." सुसंगत हा फार उपयोगी शब्द आहे. त्याचा अर्थ, मला माहीत नाही पण तुम्ही विचारू नका. साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः कोणाला पाय देताना पाहिलंत?" म्हटलं, पाहिलंय. "कोणाला?" आता इथे मी 'एक जण' म्हणायला हवं होतं. रोजनिशी बॅगेतच होती, काढून वाचून दाखवायची होती. पण समोरचा माणूस पेन उघडून बसलेला असला ना, की 'एक जण' म्हणायला लाज वाटते. एवढा शिकलेला माणूस, आणि एक जण? आणि मला आठवायला लागलं. खरंच आठवायला लागलं, खोटं बोलत नाही — तो वर किती सहज उतरत होता, गँगमध्ये इतकं सहज कोण उतरतं? खोबरेल तेलाचा विनोद कोणी केला होता? पायाची भीती कोणाला नव्हती? त्या उन्हातल्या माणसाला हळूहळू तुझा चेहरा आला. सोळा महिन्यांनी आला. आणि मी म्हटलं, मच्छिंद्र.

बस. खाली बस. आत्ता उठू नकोस. मला माहीत आहे तुला वाटत होतं ते कोणीतरी ऑफिसातल्याने लिहिलं. बाबाजानलाही तसंच वाटत होतं. ते मी लिहिलं. "मी स्वतः पाहिले आहे", खाली माझी सही, सहीपुढे माझ्या पदव्या.

तुला काही विचारलंसुद्धा नाही, ना कागद दाखवला. वीज कंपनीत कायम व्हायची यादी लागणार होती एप्रिलमध्ये, त्यातून नाव गेलं, आणि कुठल्याच कंत्राटदाराने तुला पुन्हा टॉवरवर चढवलं नाही. आणि मग तू आलास माझ्याकडे. आठवतं? संगमनेरला, कॉलेजच्या गेटवर, मे महिन्यात, मी छत्री उघडत होतो. मला वाटलं तू मारायला आलास. मारलं असतंस तर — असो. तू म्हणालास, "सर, चूक माजीच आसंल. दोनदा ठेवलाय म्या पाय. बाराव्या टॉवरवर, आन् आनखी येकदा कुठंतरी. तुमी सांगितलं हुतं, न्हाई ऐकलं." आणि डोळ्यांत पाणी, नोकरीसाठी नाही, कानिफनाथच्या उसासाठी. माझ्या मनावरचा भार उतरला रे तेव्हा. खरं सांगतो, कसं वाटलं — हलकं वाटलं. म्हटलं, बघा, माझी आठवण बरोबर होती, मुलगा स्वतः कबूल करतोय. बाराव्या टॉवरवर म्हणालास, सत्तावीस म्हणाला नव्हतास, ते मी ऐकूनही ऐकलं नाही. आणि मग मी तुला कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या दोन जळक्या मोटारी दिल्या, वाइंडिंगला. मग दुसऱ्या कॉलेजातल्या. मग काष्टीत दुकान टाकलंस तेव्हा पाटी मी रंगवून पाठवली. तू सगळ्यांना सांगत सुटलास, रसाळ सरांनी मला उभं केलं. माझी पत्नी म्हणायची, "तुमचा किती जीव आहे हो त्या मुलावर." मी म्हणायचो, हुशार आहे. वीस वर्षं तू दर दिवाळीला फराळाचा डबा आणतोस. त्यातली चकली माझ्या घशाखाली उतरत नाही, मच्छिंद्र. मालनबाई घरी नेतात. विचार त्यांना.

विचारच, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच झालं. अकरा वर्षं झाली. मी इथे बसलोय, पेपर वाचतोय, त्या टेबल पुसतायत, आणि हा तुकडा हातात घेऊन म्हणतात, "सर, ह्ये राघूनं खाल्लंय का वो?" मी म्हटलं, काय? "न्हाई, आमच्या पेरूच्या झाडाखाली अशीच सालं पडत्यात. राघू चोच मारतो, तवा असाच अर्धा चांद पडतो. खालून येक, वरून येक." आणि फडकं मारून पुढच्या खोलीत गेल्या. मी तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरून फिरवून बघितला. खालून एक, वरून एक. जोड्या होत्या काप्यांच्या! नऊ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला जोड्या दिसल्या नव्हत्या. नालाला खालची बाजू कुठून येणार? माणसाचा पाय चकतीच्या खालून कापा कसा मारणार? पंधरा वर्षांचा अभ्यास, आणि पेरूच्या झाडाखाली झाडू मारणाऱ्या बाईला जे एका नजरेत दिसतं — हसू नका हो मालनबाई आतून, ऐकू येतंय मला, यंत्र लावलंय कानाला.

मग मी वाचायला घेतलं. परदेशात त्यांना हे चांगलं माहीत होतं, तिकडच्या पोपटांचा फार त्रास, कागदच्या कागद लिहिलेत. मीच वाचले नव्हते. मी रसायन वाचायचो, पक्षी कशाला वाचू. पण माझा कागदावर विश्वास राहिला नव्हता. पलीकडे एक नवी लाइन उभी राहत होती त्या वर्षी, तिकडे रोज सकाळी जायला लागलो, दुर्बीण घेऊन, डबा घेऊन. लोक विचारायचे, सर काय करताय? म्हणायचो, पक्षी मोजतोय. खोटं नव्हतं ते. तारा ओढलेल्या, वीज सोडलेली नाही. तिसऱ्या दिवशी आले, सात-आठ, ज्वारीतून उठून, आणि त्या रबराला उलटे लटकून असे कुरतडायला लागले, जसं काही त्यांच्यासाठीच टांगलंय. खात नाहीत, नुसती चोच चालवतात, खेळ. महिन्याने लाइन चार्ज झाली. मी पुन्हा एकवीस सकाळी बसलो. एकही नाही. ज्वारीत येतात, बाभळीवर बसतात, रबराजवळ फिरकत नाहीत. विजेचं त्यांना काहीतरी जाणवत असावं, नेमकं काय ते मी सांगू शकणार नाही — पण वीज असली की येत नाहीत आणि नसली की येतात, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि या वेळी रोज तारीख-वेळ घालून लिहिलं.

कळतंय ना, मी कुठे येतोय ते? वीज नसली की येतात. पाच महिने वीज का नव्हती? अंधुक फोटो! कोणाच्या पत्राने? माझ्या.

ऊस तुझ्या पायाने जळला नाही. ऊस माझ्या दक्षतेने जळला.

मी लिहायला बसलो. कंपनीला, खुलासा. "माझ्या पूर्वीच्या अहवालातील निष्कर्षात दुरुस्ती." अकरा मसुदे झाले, फाइल आहे. पहिल्यात पोपटांबद्दल चार पानं आहेत आणि माझ्या पत्राबद्दल एक ओळ. अकराव्यात बरोबर उलटं आहे. पण पाठवला एकही नाही. म्हणायचो, कंपनीचे तुकडे झाले, साहेब वारले, कोणाच्या नावे पाठवू? म्हणायचो, पोपट झाले तरी पाय होताच ना, मी पाहिला होता ना, मच्छिंद्रचा पाय? चूक थोडी त्याचीही. तेवढा एक आधार धरून बसलो होतो, की पोपटांचं काहीही असो, माझे डोळे खोटे नव्हते.

आणि मग तुझी पंकजा आली. सहावी-सातवीत असेल, शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन, तूच पाठवलं होतंस, सरांकडून भरून आण म्हणून. दोन वेण्या, हातात कंपासपेटी. मी विचारत होतो, ती सांगत होती — संपूर्ण नाव, आईचं नाव, शाळा. जन्मतारीख? तिने सांगितली, मी लिहिली, आणि माझं पेन थांबलं. ती म्हणाली, "आजोबा, चुकलं का?" म्हटलं, नाही बाळ, तुझं बरोबर आहे. ती तारीख मी कुठेतरी आधी लिहिली होती. ती गेल्यावर रोजनिशी काढली. सत्तावीस नंबरचा टॉवर, सकाळी साडेअकरा, सतरा ऑक्टोबर —

असा बघू नकोस माझ्याकडे. मला सांगायचं नव्हतं हे. आज एवढंच सांगणार होतो की पोपट होते, म्हणजे कानिफनाथशी तुझं मिटलं असतं आणि मी — मी तेवढ्यावर सुटलो असतो. नालाचं, नावाचं, हे काही सांगायचं ठरलं नव्हतं. बोलत गेलो.

तू मला दूरचा नातेवाईक मिळाल्यासारखा वाटलास रे, पंकजाला पहिल्यांदा दाखवायला घेऊन आलास, मालनबाईंच्या कडेवर दिलीस, तेव्हाही मी तारीख विचारली नव्हती. कशाला विचारेन.

आता असं कर. हा तुकडा घे. फडक्यात गुंडाळ. ही फाइल घे, अकरावा मसुदा सगळ्यात वर आहे, सही केलीय, मघाशी तू चपला काढत होतास तेव्हाच केली, चष्म्याशिवाय केली म्हणून वेडीवाकडी आहे, पण माझीच आहे. आधी कानिफनाथकडे जा. तो वाचणार नाही, वाचून दाखव. तुकडा हातात दे, पेरूची साल माहीत असलेला माणूस आहे तो, त्याला कॅलिपर लागणार नाही. आणि सांग, ज्याने ऊस जाळला तो श्रीगोंद्यात राहतो, घरी असतो, कुठे जात नाही. मांडवात माझी वाट बघू नकोस. माझ्या हातात माइक देऊ नकोस, मी आशीर्वाद म्हणायला उभा राहीन आणि हेच सगळं बोलत बसेन, मुहूर्त टळेल त्या पोरीचा. पत्रिका ठेव मात्र. ठेव. ती नेऊ नकोस.

मालनबाई, दार लावू नका, तो जातोय. जा, मच्छिंद्र. पुढे ऊन आणखी चढेल.

हेल्मेट राहिलं तुझं. — आणि हो, फाइलीत शेवटचा एक कागद आहे, झेरॉक्स, तो कानिफनाथला नाही दाखवलास तरी चालेल, तो तुझ्यासाठी आहे. फॉर्म भरला त्याच आठवड्यात मी संगमनेरला बाबाजानकडे गेलो होतो. त्याने गँगची सगळी हजेरीची बुकं पेटीत जपून ठेवलीयत. दोन हजार तीन, ऑक्टोबर, सतरा तारखेचा रकाना, तुझं नाव: खाडा. आणि बाजूला बाबाजानच्या अक्षरात, निळ्या शाईने — मुलगी झाली.